जे परत येत नाही, तेच काळ सांगते

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात, १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने खणलेल्या विहिरीला तेल लागले आणि 'बॉम्बे हाय' हे नाव घरोघरी पोहोचले. त्या तेलाचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे, असे आज आपण सहज म्हणतो. पण समुद्रतळाखाली हजाराहून अधिक मीटरवर असलेला, कुणीही जागेवर जाऊन न पाहिलेला खडक मायोसीन काळातला आहे, हे ठरते कशावरून?

नुसत्या खडकावरून ते ठरत नाही. समुद्र पुढे सरकतो, मागे हटतो. त्याबरोबर वाळू, चिकणमाती, चुना यांचे थर पुन्हा पुन्हा साचतात. दोन कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आणि चार कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक दिसायला सारखे असू शकतात. एका विहिरीत चुनखडकाचा एक थर लागला आणि शेजारच्या विहिरीत दोन लागले, तर पहिल्याची जोडी कोणाशी लावायची? इथे चूक झाली, तर पुढची विहीर भलत्याच जागी खणली जाते.

सजीवांची गोष्ट वेगळी आहे. एखादी प्रजाती एकदाच घडते, काही काळ नांदते आणि गेली की कायमची जाते. खडकांचे प्रकार परत येतात, प्रजाती परत येत नाहीत. कालव्यांची मोजणी करता करता इंग्लंडच्या विल्यम स्मिथला हा क्रम उमगला आणि त्याच्या आधारे त्याने १८१५ साली आपल्या देशाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. मात्र स्मिथच्या हाती येणारे शंख-शिंपले अख्खे होते. विहिरीतून वर येतो तो ड्रिलने दळलेला चुरा, आणि त्यात शिंपल्याची ओळख उरत नाही. उरतात ती फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे. बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान, म्हणूनच ड्रिलच्या तडाख्यातून सुटलेली.

ती वेचण्याचे काम संयमाचे असते. चुरा भिजवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या ट्रेमध्ये पसरायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याचे ओले टोक एकेका कवचाला लावून ते उचलायचे आणि स्लाइडवर ठेवायचे. ऑर्ब्युलिना हाती आली, तर दिसतो एक जवळपास निर्दोष गोल. तिच्या पूर्वजांचे कवच म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या कप्प्यांचा झुबका. पिढ्यानपिढ्या शेवटचा कप्पा मोठा होत गेला, आधीच्या कप्प्यांना कवेत घेत गेला आणि सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांना वेढून टाकले. उत्क्रांतीचा हा प्रवास एका स्लाइडवर ओळीने मांडता येतो. शिवाय ऑर्ब्युलिनासारखे तरंगते जीव प्रवाहांबरोबर महासागरभर पसरत, त्यामुळे दूरदूरचे थर त्यांच्या आधारे जुळवता येतात.

या शास्त्राला तेलक्षेत्रात पाय रोवायला लढावे लागले. १९२१ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत, एवढ्याशा कवचांवरून टेक्सासच्या भूगर्भातले थर ओळखता येतात या एस्थर अ‍ॅप्लिन यांच्या प्रतिपादनाला उघड विरोध झाला. १९२५ मध्ये अ‍ॅप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तिघींनी टेक्सास व लुइझियानाच्या किनारी भागातल्या भूगर्भीय थरांचा क्रम प्रसिद्ध केला. डिस्कॉर्बिस, हेटरोस्टेजिना, मार्जिन्युलिना अशी, वरून खाली जाताना भेटणाऱ्या कवचांची नावे त्यांनी थरांना दिली. वादाचा निकाल विहिरींनीच दिला.

मला या पद्धतीतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती पुढची. विहीर खणताना वरच्या भिंतीची माती ढासळून खालच्या चुऱ्यात मिसळते. त्यामुळे एखादी प्रजाती खाली कुठवर सापडते, म्हणजे ती केव्हा अवतरली, हे चुऱ्यावरून खात्रीने सांगता येत नाही. पण वरून खाली जाताना ती पहिल्यांदा जिथे भेटते, ती पातळी बऱ्यापैकी भरवशाची असते, आणि ती पातळी म्हणजे तिच्या अस्ताची खूण. चुरा तपासणारा माणूस काळ मोजतो तो प्रामुख्याने निरोपांवरून. इओसीन आणि ऑलिगोसीन या भूशास्त्रीय काळांमधली सीमासुद्धा हँटकेनिना या काटेरी कवचाच्या जीवांच्या अस्तावरच ठरवली आहे. तिचा प्रमाण छेद इटलीत मासिन्यानो इथे आहे, वय सुमारे ३ कोटी ३९ लाख वर्षे.

हे वर्षांचे आकडे मात्र कवचे देत नाहीत. ते येतात ज्वालामुखीच्या राखेतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांकडून आणि खडकात नोंदल्या गेलेल्या चुंबकीय उलथापालथींकडून. कवचे देतात तो क्रम. तोही एकट्यादुकट्या प्रजातीवर सोडून चालत नाही. जुन्या खडकाची झीज होऊन त्यातली कवचे नव्या थरात येऊन बसतात; उथळ पाण्यात राहणारे जीव खोल समुद्रातल्या थरात सापडत नाहीत; एखादी प्रजाती इथे संपली तरी तिथे काही काळ तगते. म्हणून अनेक प्रजातींची साक्ष काढावी लागते. पण क्रम पक्का असल्याशिवाय आकड्याला जागाच मिळत नाही. इतिहास समजून घेताना आपण सनावळीच्या मागे लागतो. आधी काय आणि नंतर काय, हे नक्की करणे ही त्याहून मूलभूत गोष्ट आहे.

यंत्रे आता कवचांच्या प्रतिमाही ओळखू लागली आहेत. तरी यंत्राला शिकवण्यासाठी आधी कुणीतरी त्या कवचाला अचूक नाव दिलेले असावे लागते, आणि तो मूळ नमुना पडताळणीसाठी हाताशी असावा लागतो. म्हणून खणलेल्या प्रत्येक विहिरीचा चुरा आणि त्यातून वेचलेल्या स्लाइड नीट नोंदवून जतन केल्या पाहिजेत, आणि आपल्या विद्यापीठांनी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या हाताळायला दिल्या पाहिजेत. समुद्रातली विहीर केवळ हरवलेल्या नमुन्यासाठी कुणी पुन्हा खणत नाही.