आहे त्यात

पाककृती हवं ते मागते, स्वयंपाकघर आहे ते पुढे करतं. दोघांचं जमलं नाही तर माघार पाककृतीने घ्यावी.

पुस्तकात आधी पदार्थाचं नाव, मग साहित्य, मग कृती. घरात हा क्रम उलटा चालतो. आधी अर्धा दुधी, वाटीभर वरण, मान टाकलेली कोथिंबिरीची जुडी. मग कृती. नाव सगळ्यांत शेवटी, तेही ताटावर बसलेल्या कुणी विचारलंच तर.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याची मापं दिली आणि नव्याने चूल मांडणाऱ्या कितीतरी जणींची धास्ती गेली. कालच्या वरणाला मात्र माप लावता येत नाही. ते जितकं असेल तितकं. त्यात मावेल एवढी कणीक, ओवा, तीळ, तिखट. पाण्याचा थेंबही बहुधा लागत नाही. मीठ तेवढं जपून घालावं, कारण वरणात ते आधीच पडलेलं असतं. एवढं कळलं की पराठ्याची कृती संपली.

शिल्लक संपवायची म्हणून एखादी कृती वाचायला घ्यावी, तर चौथ्या ओळीत चीज निघतं, सहाव्या ओळीत फ्रेश क्रीम. दुधी संपतो, पण अर्धं क्रीमचं पाकीट उरतं. आता ते संपवायला काय करायचं?

ताज्या पोळीची फोडणीची पोळी होत नाही. हट्टाने करून पाहा, कुस्करताना गोळे होतात. रात्रभर राहिलेल्या पोळीतला स्टार्च घट्ट झालेला असतो, ती कोरडी पडते आणि तुकडे सुटे राहतात. कुस्करायची ती हातानेच. मिक्सरमधून काढली की भुगा होतो आणि पाणी लागताच भुग्याचा लगदा. हाताने काही तुकडे नखाएवढे होतात, काही त्याच्या दुप्पट, आणि खाताना मजा या असमानपणाचीच असते. मोहरी तडतडली की हिंग, हळद, मिरच्या, कढीपत्ता, मूठभर दाणे. कांदा मऊ झाला की पोळी. वरून पाण्याचा एकच हबका आणि झाकण. साखरेची चिमूट घालावी की नाही, यावर पुणं आणि नागपूर यांचं एकमत व्हायचं नाही. कढईच्या बुडाशी लागलेले खरपूस तुकडे कुणी घ्यायचे, यावर तर एका घरातही होत नाही.

ती नीट जमते, म्हणूनच रात्री दोन पोळ्या मुद्दाम जास्त लाटल्या जातात. मग तिला उरलेली म्हणायचं कसं?

कटाच्या आमटीचंही तसंच. पुरणासाठी शिजवलेली हरभऱ्याची डाळ चाळणीत उपसली की खाली राहतं ते पाणी, खरं तर सांडून द्यायचं. त्यात पळीभर पुरण, चिंच, गूळ, गोडा मसाला पडतो आणि होळीच्या दिवशी पुरणपोळीच्या शेजारी ती मानाने बसते. आता कट भरपूर निघावा म्हणून डाळीत पाणीच जास्त घालतात. दुसऱ्या दिवशी ती आणखी मुरते, हे निराळं.

गोव्यात कालच्या माशाची कढी सकाळी पुन्हा चुलीवर चढते. आटून आटून दाट झाली की पावाबरोबर किंवा पेजेबरोबर खायची. आदल्या दिवशीच्या जेवणात ती पुरवून ठेवणारे लोक मला माहीत आहेत.

काटकसरीची खरी विद्या उरलेल्यापाशी संपत नाही, ती टाकायच्या वस्तूपर्यंत जाते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून चीक काढला की हाती राहतो चोथा. त्यात तिखट, मीठ, तीळ घालून भुसवड्या वाळत पडतात. दोडका सोलला की शिरा बारीक चिरून थोड्याशा तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. मग तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ. ही चटणी जेवणाच्या आधीच संपते आणि दोडक्याची भाजी रात्रीपर्यंत पडून राहते. फणसाच्या आठळ्या पावसाळ्याच्या आमटीसाठी राखेत नाहीतर मातीत पुरून ठेवणारं कोकण याही पुढचं. कोंड्याचा मांडा करायला आधी कोंडा जपून ठेवावा लागतो.

फ्रीज येण्याआधी उरलेल्या अन्नाला मुदत असायची. सकाळचं संध्याकाळी, रात्रीचं न्याहारीला, नाहीतर गोठ्यात. फ्रीजने ती मुदत उठवली. आता वाटीवर ताटली झाकली की कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं. पाचव्या दिवशी ताटली उचलून वास घेतात आणि टाकून देतात. टाकायचंच होतं तर पहिल्या दिवशी टाकलं असतं. पण तेव्हा जीव झाला नसता.

लग्नातल्या बुफेकडे बोट दाखवून आपण हळहळतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज असा, की २०२२ साली जगभरात दुकानांत, खानावळींत आणि घरांत मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधलं होतं. बुफे वर्षातून चार-दोनदा असतो. ताटली झाकलेली वाटी रोजची.

जपण्यालाही मर्यादा हवी. भात शिजवताना बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू मरतातच असं नाही. असा भात उन्हाळ्यात ओट्यावर रात्रभर राहिला की त्यात विष तयार होऊ शकतं, आणि ते फोडणी देऊनही जात नाही. फोडणीचा भात करायचा तर रात्रीच, निवला की लगेच, फ्रीजमध्ये ठेवावा. हिरवा पडलेला बटाटा, बुरशीचा ठिपका दिसलेला पाव यांना कुठलीच पाककृती नाही. औषधाचा खर्च दोडक्याच्या शिरांतून भरून निघत नाही.

आता न आवडणारी गोष्ट. या सगळ्या चातुर्याचं कौतुक करताना ते कुणाच्या ताटात वाढलं गेलं, हे आपण विचारत नाही. शिळी भाकरी सासूने खाल्ली, मग सुनेने. ताजी, गरम, फुगलेली बाहेर गेली. 'मला शिळंच आवडतं' हे वाक्य कितीतरी आयांनी म्हटलेलं आहे, आणि ऐकणाऱ्यांनी ते सोयीने खरं मानलेलं आहे. काही जणींना खरंच आवडत असेल. विचारलं कुणी?

गोपाळकाल्यात प्रत्येकाची शिदोरी एका भांड्यात येते. दही, पोहे, लाह्या, लोणचं, ज्याच्या घरून जे आलं ते. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने वारी संपते, आणि तो काला हातात पडावा म्हणून वारकरी धडपडतात. देवळात उरल्यासुरल्याचा प्रसाद होतो. घरी तोच काला एकटी बाई ओट्याशी उभ्याने खाते.

तेव्हा नवी कृती शोधण्याआधी एवढं करा: उरलेलं खायची पाळी लावा, कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवा आणि पहिलं नाव घरात ज्याला ताजंच लागतं त्याचं घाला.