मऊ भाताचे दिवस

घरात कुणाच्या दातांना नव्यानं तारा बसल्या असतील, तर पहिले काही दिवस स्वयंपाकघर आजीच्या हाती द्यावं. तार दातावर सतत हलका दाब देते. एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं आणि दात सरकतो. ठणका बहुधा काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी वाढतो, आठवड्याभरात ओसरतो.

तोवर गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तुपाची धार. मुगाची सैल खिचडी. शिकरण. दुधात कुस्करलेली भाकरी. एरवी याला आजाऱ्याचं जेवण म्हणून नाक मुरडणारी पोरं या आठवड्यात वाटी पुढे करतात, हे बघण्यासारखं असतं. ताकही गारच द्यावं, दुखऱ्या तोंडाला बरं वाटतं.

हळदीनं तारेवरचे फिके रबर पिवळे पडतात. त्यासाठी आमटी सोडण्यापेक्षा गडद रंगाचे रबर मागून घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत!

चिक्की, चकली, ऊस मात्र ठणका गेल्यावरही नकोच. दातावर चिकटवलेला ब्रॅकेट निखळतो. कणीस दातांनी ओरबाडायचं नाही, पण दाणे सोलून, मऊ उकडून, लिंबू-मीठ लावून खायला हरकत नाही.