तातडीच्या उपचारातील नोंद आणि वैद्याचे लक्ष

कॅज्युअल्टीत आणलेल्या रुग्णाचा डॉक्टरांच्या आणि सिस्टरच्या लक्षावर पहिला हक्क असतो. त्या लक्षातला किती वाटा संगणकावरच्या नोंदीने घ्यावा, हा प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी मुळात नीतीचा आहे. बँकेतला संगणक संथ चालला तर खोळंबलेला ग्राहक निदान कुरकुर तरी करतो. बेशुद्ध माणूस कुरकुर करू शकत नाही, आणि त्याच्या वाट्याची दोन मिनिटे पडद्याने घेतली हे त्याला पुढे कधी कळतही नाही. ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्याविषयीचे कर्तव्य अधिक कडक, हे बहुतेक नीतिविचारांना मान्य आहे. म्हणून नोंदप्रणाली वापरायला सोपी असणे ही केवळ सोयीची बाब मानता येत नाही.

१९८१ साली औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या जालना जिल्ह्यात या प्रश्नाला ठोस रूप येते. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि मोसंबीची शेती आहे, शहराजवळ लोखंडी सळ्यांचे कारखाने आहेत आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गावरची भरधाव वाहतूकही आहे. त्यामुळे तातडीच्या विभागाला फवारणीचे औषध पोटात गेलेला, साप किंवा विंचू चावलेला, भट्टीजवळ भाजलेला आणि महामार्गावर गाडी उलटून जखमी झालेला अशा सगळ्यांची तयारी ठेवावी लागते. जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तोवर गंभीर रुग्ण साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) सरकारी रुग्णालयाला, म्हणजे ‘घाटी’ला, रेफर करणे हा ठरलेला रिवाज होता, आणि तो एका झटक्यात संपणारा नाही. रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा त्याची हकिगत सोबत जाते ती कागदावरून किंवा पडद्यावरून. तो स्वतः सांगण्याच्या स्थितीत नसतो आणि नातेवाइकांना निम्मेच ठाऊक असते.

वैद्याचे लक्ष कोणाचे, याचे उत्तर भारतीय परंपरेने फार पूर्वी दिले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्याला दीक्षा देताना काही बंधने घातली आहेत. रुग्णाच्या घरात पाऊल टाकल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज इतरत्र जाऊ द्यायची नाहीत, असे त्यात आहे. त्या घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही, हेही तिथेच सांगितले आहे. आधुनिक कायदा वेगळ्या वाटेने त्याच जागी येतो. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की जखमीला वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. मात्र यावरून नोंद म्हणजे कारकुनी आणि उपचार म्हणजे खरे काम, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. रात्रपाळीला आलेल्या सिस्टरला दुपारी काय झाले ते नोंदीतूनच कळते. लक्ष एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचे साधन या अर्थाने नोंद हीही सेवाच आहे.

याचा मोठा पुरावा याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका डॉक्टरच्या कामात सापडतो. जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती आणि ती नेमकी कशाने दगावतात याचे धड उत्तर पुस्तकात नव्हते. बावस्करांनी खाटेशेजारी तासन्‌तास बसून रुग्ण पाहिले आणि दिसले ते लिहून ठेवले. दंशानंतर ओकाऱ्या, अंगाला सुटणारा दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा, आणि काही तासांनी फुप्फुसात साचणारे पाणी, असा क्रम त्यातून उलगडला. ही लक्षणे म्हणजे हृदयाच्या बिघाडाची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर एक टक्क्याच्या आसपास उतरल्याचे सांगितले जाते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात मोठी यंत्रसामग्री नव्हती. मुख्य आधार रुग्ण, घड्याळ आणि कोरा कागद यांचाच होता, आणि कागदाची मोठी थोरवी अशी की त्यावर काय लिहायचे हे कागद ठरवत नव्हता.

संगणकावरचा तक्ता मात्र ते ठरवतो. विंचूदंशाला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतःचा क्रमांक आहे, टी ६३.२. पण घाईतल्या माणसाला यादी उघडल्यावर वर जे दिसते तेच तो निवडतो, आणि ते ‘कीटकदंश’ असेल तर विंचू तिथेच गडप होतो. गार हातपाय लिहायला रकाना नसेल तर ते लिहिले जात नाहीत. हळूहळू ते बघणेही कमी होते, आणि खरा धोका हाच आहे. तक्ता केवळ पाहिलेले टिपत नाही, काय पाहायचे तेही शिकवतो. चौकटी केल्याशिवाय हजारो रुग्णांची मोजदाद होत नाही, हे आरोग्य खात्याचे म्हणणे खरे आहे. पण चौकटींशेजारी चार ओळींची मोकळी जागा आणि तीत मराठीत लिहिण्याची मुभा ठेवल्याने मोजदाद बिघडत नाही. ती जागा कापणारा माणूस बहुधा कॅज्युअल्टीत कधी उभा राहिलेला नसतो.

लिहिणारा वाचणाऱ्याचे काही देणे लागतो, हा विचार मराठीला परका नाही. जालना जिल्ह्याच्याच घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळाच लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळीला ओळ लागू नये, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकसारखेपणा राहावा, असे समर्थ सांगतात. त्याहून बारकाईची दोन सूत्रे तिथे आहेत. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. आणि पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षराला धक्का लागणार नाही. यात सुंदर हस्ताक्षराची हौस आहेच, पण त्यापलीकडे लिहिणाऱ्याने उद्याच्या वाचकाचे डोळे आणि उद्याची पडझड आजच गृहीत धरावी ही अपेक्षा आहे. परमार्थाच्या ग्रंथात या कारागिरीला समासभर जागा मिळते, याचा अर्थ समर्थांच्या लेखी तो सद्‌वर्तनाचाच भाग होता. वापरसुलभतेची आजची आंतरराष्ट्रीय व्याख्याही काहीशी अशीच चालते. ठरावीक माणसांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम अचूकपणे, कमी श्रमात आणि समाधानाने करता यावे, असे ती सांगते. व्याख्येतला ‘परिस्थितीत’ हा शब्द प्रणाली विकत घेणारे सहसा विसरतात. वातानुकूलित खोलीत दाखवलेली प्रणाली आणि मध्यरात्री तीन जखमी एकदम आल्यावर हातमोजे घालून वापरायची प्रणाली यांत पुष्कळ अंतर असते.

हे अंतर किती असू शकते ते अमेरिकेत मोजले गेले. तातडीच्या विभागातील डॉक्टरांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांच्या वेळेपैकी ४३ टक्के माहिती भरण्यात आणि २८ टक्केच थेट रुग्णांसोबत जात असल्याचे आढळले. दहा तासांच्या गर्दीच्या पाळीत माउसच्या क्लिक चार हजारांच्या घरात जात होत्या. तिथल्या बऱ्याच रकान्यांचा उगम विमा आणि बिलांत होता. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांची कारणे वेगळी आहेत. इथे योजनांचे अहवाल, साठ्याचा हिशेब आणि मेडिको-लीगल कागद यांचा भार असतो, आणि अनेकदा केसपेपर व संगणक असे दुहेरी लिहावे लागते. प्रत्येक रकाना कोणाच्या तरी उपयोगाचा असतो. प्रश्न एवढाच की तो कोणाच्या वेळेतून भरला जातो. जो रकाना रुग्णाच्या पुढच्या तासाभराच्या उपचाराला लागत नाही तो नंतर आणि दुसऱ्या कोणी भरावा, असा नियम केला तर निम्मी सुधारणा यंत्राला हात न लावता होते.

नोंदीचा सत्याशी असलेला संबंध याहून नाजूक आहे. काही प्रणालींत तपासणीचा तक्ता आधीच ‘नॉर्मल’ भरून येतो आणि बिघाड असेल तेवढेच बदलायचे असते. पापणी कोणी उचललेलीही नसते, तोवर बाहुल्या समान आणि प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या असल्याचे लिहून झालेले असते. समर्थांनी ज्या प्रचीतीवर जन्मभर भर दिला तिच्या कसोटीवर हे विधान टिकत नाही. ते कोणी पाहिलेले नाही आणि कोणी सांगितलेलेही नाही, तरी त्याखाली डॉक्टरचे नाव आहे. यात लबाडीचा हेतू नसतो, घाई असते. पण खोटे बोलण्याची मेहनत यंत्राने वाचवली म्हणून विधान खरे होत नाही. रकाना रिकामा राहिला तर ‘पाहिले नाही’ असाच अर्थ निघावा, ही मांडणी अधिक प्रामाणिक ठरते.

वेळेचेही तसेच. सर्पदंशात रक्त गोठते की नाही हे पाहायला दोन-तीन मिलिलीटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कधी ठेवली यावर सगळा निकाल अवलंबून असतो. फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत छातीतला आवाज, नाडी आणि घाम पाहत दर काही मिनिटांनी ॲट्रोपिनचा डोस वाढवत न्यावा लागतो. अशा वेळी सिस्टर वेळा टिपते त्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर किंवा हातमोज्यावर, आणि रुग्ण थोडा सावरला की संगणकापुढे बसते. संगणक मात्र ती बसली ती वेळ छापतो. २ वाजून ४० मिनिटांनी दिलेले इंजेक्शन ३ वाजून १० मिनिटांचे होते. पुढे न्यायालयात हाच कागद उभा राहिला, तर वेळेवर उपचार करणारी माणसे उशिराची दोषी दिसू शकतात. कृतीची वेळ आणि नोंदीची वेळ वेगवेगळ्या ठेवण्याची सोय प्रोग्रामरच्या दृष्टीने किरकोळ आहे. ती नसते तिथे यंत्र माणसाला खोटे पाडते.

कर्ता कोण, हा प्रश्न लॉगिनपाशी उभा राहतो. पासवर्ड टाकून आत जायला वेळ लागत असेल तर पाळीतला पहिला माणूस आत शिरतो आणि बाकीचे दिवसभर त्याच्याच नावाने लिहितात. नोंदीत मग एकच व्यक्ती एकाच वेळी तीन खाटांपाशी हजर असते. हा शिस्तीचा प्रश्न मानून परिपत्रके निघतात. खरे तर बोटाच्या ठशाने किंवा ओळखपत्र टेकवून क्षणात आत जाता आले तर परिपत्रकाची गरजच उरणार नाही. ज्या व्यवस्थेत नियम पाळणे जवळपास अशक्य असते, तिथे नियम मोडणाऱ्याला एकट्याला दोषी धरणे न्यायाला धरून नाही.

निनावी रुग्णाची अडचण वेगळी. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने प्रत्येकाला चौदा अंकी आभा क्रमांक देऊ केला. नोंदी ज्या त्या रुग्णालयात राहाव्यात आणि संमतीने दुसऱ्याला दिसाव्यात, अशी त्याची रचना आहे. व्यक्तीच्या स्वायत्ततेचा आदर म्हणून ती योग्यच आहे. पण महामार्गावरून आणलेल्या माणसाच्या संमतीचा ओटीपी त्याच्या फुटलेल्या मोबाइलवर येणार असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने जिवावर बेतलेल्या वैद्यकीय प्रसंगात संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे. तेव्हा प्रणालीतही तशीच वाट हवी. ‘अनोळखी पुरुष, अंदाजे चाळीस’ एवढ्यावर केसपेपर निघावा, ओळख पटल्यावर जुनी नोंद त्याला जोडता यावी, आणि संमतीशिवाय कोणी काय उघडले याची खूण मागे राहावी. चरकाने घातलेले गुप्ततेचे बंधनही इथे लागू होते. विष घेतलेल्या तरुणीच्या खाटेभोवती सासर-माहेरची दहा माणसे उभी असतात आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळलेला असतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण देणारे कलम २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. मोठ्या अक्षरांत झळकणारे कारण त्या संरक्षणाचा अर्धा अर्थ काढून घेते. टेबल फिरवून ठेवणे आणि कारणाचा रकाना पहिल्या पानावरून हलवणे, एवढाही उपाय पुष्कळ आहे.

राहता राहिले ते लिहिण्याचे श्रम. बोललेले आपोआप टंकित करणारी साधने आता आली आहेत आणि ती डॉक्टरांचे डोळे पुन्हा रुग्णाकडे वळवू शकतात. परंतु जिल्ह्यातल्या भोकरदन-जाफराबादकडची बोली, शेजारच्या खाटेवरचे ओरडणे आणि इंग्रजी औषधांची नावे एकत्र आली की यंत्र चुकते, आणि त्याची चूक सुवाच्य असते. वाईट हस्ताक्षर वाचणाऱ्याला निदान शंका तरी येते, स्वच्छ छापलेल्या चुकीची येत नाही. म्हणून असा मजकूर बोलणाऱ्याने वाचून सही करेपर्यंत कच्चाच समजला जावा, आणि तो कच्चा आहे हे पानावर दिसावे. वीज किंवा नेट गेल्यावर चालेल असा छापील तक्ता संगणकाच्याच क्रमाने मांडून भिंतीला टांगून ठेवावा लागतो. ‘घाटी’कडे निघालेल्या रुग्णासोबत एकच पान जावे. काय झाले, काय दिले, किती वाजता दिले आणि काय करायचे राहिले, या चार गोष्टी त्यावर सर्वांत वर असाव्यात, आणि त्याही हलत्या ॲम्ब्युलन्समध्ये वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.