यात हात कोणाचा?

पेशीविभाजन शिकविताना विद्यार्थ्यांच्या हाती तारा, मणी व टिचबटणे द्यावीत, की फळ्यावर आकृती काढून थांबावे, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनपद्धतीचा आहे. परंतु थोडे खोल गेले असता तो नीतीचाही आहे असे आम्हांस वाटते. पद्धतीपुरता वाद आमच्या मते केव्हाच मिटला आहे. तेव्हा टेल्को या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या कंपनीचा पिंपरीस मोटारींचा कारखाना आहे, तिच्यात अभियंता असलेले श्री. अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यात गेले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या एवढ्या भांडवलावर भूमिती मुलांच्या बोटांत उतरविता येते हे त्यांनी दाखविले. जे भूमितीस लागू ते गुणसूत्रांस का लागू नसावे?

आमची सामग्रीही तशीच आहे. विजेच्या तारेचे तांबडे तुकडे म्हणजे आईकडून आलेली गुणसूत्रे, निळे म्हणजे बापाकडून आलेली. प्रत्येकाचे दोन जुळे भाग मध्ये टिचबटणाने जोडलेले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील पुष्कळ मुलांचे वडील किंवा भाऊ कारखान्यात आहेत. एका साच्यातून एकसारखे नग निघावेत ही कल्पना त्यांच्या परिचयाची असते. त्यामुळे बटण उघडून एक भाग डावीकडे व एक उजवीकडे नेला, की समसूत्री विभाजन त्यांना क्षणात कळते.

पण येथेच प्रतिकृती एक असत्य शिकवून जाते. तार डावीकडे गेली ती विद्यार्थ्याने नेली म्हणून. पेशीत नेणारा कोणी नाही. चातीच्या आकाराने पसरलेले सूक्ष्म तंतू टोकाशी झिजत आखूड होतात आणि गुणसूत्र ओढले जाते, इतकेच. हे असत्य क्षुल्लक नव्हे. ‘यात हात कोणाचा?’ असे मराठी माणूस विचारतो तेव्हा त्याला हाताची चौकशी करावयाची नसते, त्याला अपराधी हवा असतो.

अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी हे फार स्पष्ट दिसते. विद्यार्थ्यांस मोकळे सोडले तर कित्येक जण सर्व तांबड्या तारा एका बाजूस व सर्व निळ्या दुसऱ्या बाजूस मांडतात, कारण हाताला नीटनेटकेपणा आवडतो. म्हणून आम्ही प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवावयास लावतो. तीन जोड्यांतून आठ प्रकारच्या वाटण्या निघतात. माणसाच्या तेवीस जोड्यांतून ८३,८८,६०८. नाणे उडविणारा तरी हातच ना, असा आक्षेप एका विद्यार्थिनीने घेतला. तेव्हापासून आम्ही तारा पिशवीत घालून हलवितो; पिशवीही कोणी तरी हलवितोच, हे तिने लगेच दाखवून दिले!

मुलगी झाली म्हणून सुनेस बोल लावणारी घरे अद्याप आहेत. नेटी स्टीव्हन्स या विदुषीने १९०५ साली पिठातील किड्याच्या पेशी तपासून दाखविले, की लिंगभेदाचे मूळ नराच्या बीजातील गुणसूत्रात आहे. यावरून आमचे काही सुधारक मित्र ‘दोष बाईचा नव्हे, पुरुषाचा’ असे व्याख्यानांतून सांगतात. हेतू चांगला, परंतु यात अपराधी तेवढा बदलला, अपराधाची कल्पना तशीच राहिली. बापाकडून एक्स जावे की वाय, हे बापही ठरवीत नाही. मग जबाबदारी कोणाचीच नाही काय, असे कोणी विचारील. आहे, पण ती निवड जेथे माणूस करतो तेथून सुरू होते. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगपरीक्षेवर कायदा केला त्याने नेमके या जागी बोट ठेवले होते. तेथे हात आहे, आणि तो ओळखता येतो.

याहून कठीण प्रसंग एकविसाव्या जोडीचा. कधी जोडीतील दोन्ही गुणसूत्रे न सुटता एकाच बाजूस जातात आणि मूल सत्तेचाळीस गुणसूत्रे घेऊन जन्मास येते. लज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५९ साली प्रसिद्ध केले. आम्ही दोन तारा मुद्दाम एकमेकींत अडकवून हे दाखवितो. कारखान्यात नग बिघडला तर ‘का’ असे पाचदा विचारून दोषाच्या मुळाशी जाण्याचा प्रघात आहे, आणि तेथे तो योग्यच आहे. तीच सवय घेऊन आलेला मुलगा विचारतो, ‘म्हणजे चूक आईची?’ बहुतेक वेळा ही अडचण बीजांडात घडते आणि आईच्या वयाबरोबर तिचा संभव वाढतो, हे सत्य त्याच्यापासून लपविणे आम्हांस मान्य नाही. मात्र त्याच तासास आम्ही हेही सांगतो, की त्या बीजांडाचे विभाजन ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू झाले होते आणि पुढे कित्येक वर्षे अर्धवट थांबून राहिले होते. कारण आणि दोष हे दोन शब्द मग आम्ही फळ्यावर वेगवेगळे लिहितो, आणि अडकलेल्या तारा त्याच्या हाती देतो.