आरामखुर्ची कोणाच्या मापाची?

घरांत एक चांगली आरामखुर्ची असावी, अशी इच्छा सामान्य संसारी मनुष्यास झाली असतां तिच्याविषयीं तत्त्वविचार करीत बसण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. दुकानांत जावें, बसून पाहावें, परवडेल ती खुर्ची घरीं आणावी. यांत नीतिशास्त्राचा संबंध कोठें आला? आम्हांसही प्रथम असेंच वाटत होतें. परंतु देवनारास आम्ही राहतों त्या घरासाठीं अशी खुर्ची निवडण्याचें काम गेल्या वर्षीं आमच्याकडे आलें, आणि त्या क्षुल्लक कामानें आम्हांस अशा कांहीं प्रश्नांपाशीं नेऊन सोडलें कीं, ते वाचकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

आमच्या मातोश्रींना पंचाहत्तरावें वर्ष लागलें आणि त्यांचे गुडघे संप करूं लागले. जमिनीवर बसणें आतां बंद, असें डॉक्टरांनीं बजावलें. वास्तविक घरांत एक आरामखुर्ची पूर्वींपासून होती. आमच्या आजोबांची ती खुर्ची; सागवानी, वेतानें विणलेली, पाय पसरून ठेवतां यावे म्हणून हात पुढें लांबविलेली. आजोबा गेल्यावर तिच्यांत वडील बसत. वडील गेल्यावर ती रिकामीच राहिली. पन्नास वर्षें ती खुर्ची रोज पुसण्याचें काम मातोश्रींनीं केलें, पण तिच्यांत बसलेल्या आम्हीं त्यांना एकदांही पाहिलें नव्हतें. आतां तरी बसा, असा आम्हीं आग्रह केला तेव्हां त्या हसून म्हणाल्या, "ती मामंजींची खुर्ची. मला कशाला खुर्ची? मी आपली खालींच बरी."

या उत्तरांत केवळ जुन्या वळणाचा संकोच आहे असें समजून आम्हीं तें सोडून दिलें असतें. पण एके दुपारीं आम्ही स्वतः त्या खुर्चींत पडलों असतां तिच्या घडणीकडे लक्ष गेलें. ही लांब हातांची खुर्ची साहेबांच्या व्हरांड्यांतून आपल्याकडे आली. तिच्यांत मनुष्य बसत नाहीं, पहुडतो. आणि तिचें खरें सुख भोगावयाचें तर दोन्ही पाय उचलून दोन्ही हातांवर पसरावे लागतात. लुगडें नेसलेल्या स्त्रीनें आपल्या ओसरीवर, चार माणसांदेखत, असें बसणें कोणत्या काळीं शक्य होतें? शिवाय तीं लांबवलेलीं लाकडें ओलांडून उठणें हें इतकें कष्टाचें काम आहे कीं, चहा, पाणी, चष्मा, वर्तमानपत्र हें सारें दुसऱ्या कोणी आणून देईल असें गृहीत धरूनच ही खुर्ची बनविलेली असावी, असें वाटतें. कोणीं बसावें आणि कोणीं उभें राहावें, हें सुतारानें लाकडांतच लिहून ठेवलें होतें. मातोश्रींनीं तें आमच्या आधीं पन्नास वर्षें वाचलें होतें, एवढेंच.

यावर कोणी म्हणेल कीं हा दोष परक्या वस्तूचा. आपली मूळची बैठक समतेची होती. 'खुर्ची' हा शब्दच मुळीं अरबींतून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. आपल्याकडे पाट होता, चटई होती, सतरंजी आणि लोड-तक्के होते, आणि जमिनीवर सारे सारखेच दिसतात. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे, पण आपल्या पंगती ज्यानें आठविल्या त्यास तो पटणार नाहीं. पाट सारखे असले तरी त्यांवर आधीं पुरुष बसत. बायका वाढीत, आणि उरल्यासुरल्या वेळीं उरल्यासुरल्या अन्नावर त्यांची पंगत होई. खुर्चीनें विषमता आणली नाहीं. घरांत होती तिलाच तिनें चार पाय दिले.

असो. मातोश्रींसाठीं नवी खुर्ची घ्यावयाचें ठरवून आम्ही पूर्व उपनगरांतील एका मोठ्या दुकानांत गेलों. शें-दीडशें खुर्च्या तेथें ओळीनें मांडलेल्या होत्या. बसतांच मनुष्य आंत बुडून जावा अशा फोमच्या. कळ दाबली असतां पाठ मागें जावी आणि पायांखालीं फळी वर यावी अशा यंत्राच्या. चकचकीत रेक्झीनच्या आणि मखमलीच्या. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी आम्हांस एकेक खुर्ची दाखवीत होती आणि प्रत्येकीचें सुख तोंडपाठ वर्णन करीत होती. आम्हीं सहज विचारलें, "तुम्हांला स्वतःला यांतली कोणती आवडते?" ती म्हणाली, "आम्हांला बसायची परवानगी नाहीं, सर. सकाळीं दहापासून उभीच आहे." नंतर तिनें विचारलें, "खुर्ची कुणासाठीं आहे?" आम्हीं सांगितलें. "मग त्यांना आणलं नाहीं का? निदान माप तरी घेऊन यायचं. गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत."

आम्ही निरुत्तर झालों. घंटाभर आम्ही आमच्याच देहानें खुर्च्या पारखीत होतों. आपणांस सुख वाटलें कीं तें सर्वांचेंच सुख, असें आम्हीं न बोलतां धरून चाललों होतों. आणि ही चूक आम्हांस दाखवून दिली ती शंभर खुर्च्यांमध्यें दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीनें.

बसणें हें सुख आहे, चैन आहे, कीं हक्क आहे? हा प्रश्न आम्हांस त्या दिवशीं नवा वाटला, पण तो जुना आहे. दुकानांत काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागें निदान एक आसन असावें, असा कायदा इंग्लंडांत १८९९ सालीं झाला. आपल्या देशांत १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमानें, ज्यांस उभ्यानें काम करावें लागतें अशा कामगारांसाठीं बसण्याची सोय ठेवण्याचें बंधन कारखानदारांवर घातलें. दुकानांतील नोकरांकडे मात्र लक्ष जाण्यास बराच काळ लागला. कोळिकोड येथील कापडदुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांनीं 'आम्हांस बसूं द्या' एवढ्याच मागणीसाठीं चळवळ केली, आणि २०१८ सालीं केरळानें आपल्या दुकानविषयक कायद्यांत तशी दुरुस्ती केली. २०२१ सालीं तमिळनाडूनें तिचें अनुकरण केलें. एका मनुष्यानें दुसऱ्यास बसूं द्यावें, एवढ्यासाठीं विधिमंडळाची बैठक भरवावी लागते, ही गोष्ट लाजिरवाणी खरी. पण बसणें ही आळसाची खूण नसून देहाची गरज आहे, हें त्या स्त्रियांनीं राजमान्य करून घेतलें, हें थोडें नव्हे.

तरीही सुखाविषयीं एक संशय आपल्या मनांत खोल रुजलेला आहे. मऊ आसनावर बसणारा मनुष्य मऊ होतो, अशी आपली समजूत आहे. 'आरामखुर्चींतलें पांडित्य' हा शब्दप्रयोग आपण शिवीसारखा वापरतों. आमच्या देवनारास तर हा संशय अधिकच जाणवतो. १९३६ सालीं नागपाड्यास सुरू झालेली समाजकार्याची टाटा संस्था १९५४ पासून येथें आहे. खुर्ची सोडून वस्तींत जा, लोकांत मिसळा, मग बोला, हेंच तेथील शिक्षणाचें सार. आणि तिच्यापासून कांहीं मैलांच्या आंतच १९२७ सालीं सुरू झालेलें कचऱ्याचें मैदान आहे, जेथें कित्येक माणसांनीं दिवसभर वाकून शहराचा केर निवडून आपलें पोट भरलें. असल्या गांवीं राहून फोम बरा कीं वेत बरा, याची चर्चा करावी काय?

आमचें उत्तर असें आहे. आम्ही जमिनीवर बसल्यानें वाकलेल्या एकाही मनुष्याची पाठ सरळ होत नाहीं. सुखाचा त्याग हा गुण असेल, पण तो ज्याचा त्यानें आपल्यापुरता करावयाचा असतो. मातोश्रींच्या गुडघ्यांकडून तो करवून घेण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पतंजलीसारख्या विरक्तानेंही आसनाला दोन अटी घातल्या त्या स्थिरतेच्या आणि सुखाच्या. कष्टाची अट त्यानें घातली नाहीं. पंडिताचा दोष तो खुर्चींत बसतो हा नव्हे. त्याला बसतां यावें म्हणून कोण उभें आहे, हें त्यास दिसत नाहीं, हा होय. तेव्हां सुख हवें कीं नको, हा प्रश्नच नव्हे. तें कोणाच्या मापानें कापलेलें आहे, हा खरा प्रश्न.

त्या मुलीचा सल्ला मानून आम्ही घरीं आलों आणि टेप काढली. बांगड्या आणि चोळी यांखेरीज दुसऱ्या कशासाठीं मातोश्रींचें माप आजवर कोणीं घेतलें नव्हतें. त्यामुळें त्यांना या प्रकाराचें हसूं आलें. गुडघ्याच्या मागील खोबणीपासून टांचेपर्यंत साडेचौदा इंच भरले. दुकानांतील जी खुर्ची आम्हांस सर्वांत आवडली होती तिची बैठक जमिनीपासून अठरा इंचांवर होती! तींत मातोश्री बसत्या तर त्यांचे पाय लहान मुलासारखे लोंबत राहते, मांडीखालीं कड रुतती, आणि घटकेंत पायांस मुंग्या येत्या. बैठकीची खोलीही अशी हवी कीं पाठ टेकली असतां गुडघा आणि कड यांमध्यें दोन-तीन बोटें शिरावीं. नाहीं तर पाठ तरी अधांतरीं राहते किंवा पाय तरी. हात कोपराच्या उंचीचे आणि बैठकीच्या कडेपर्यंत आलेले हवे, कारण म्हातारें माणूस उठतें तें गुडघ्यांच्या बळावर नव्हे, तळहातांच्या बळावर. आणि बैठक फार मऊ नको. ज्या खुर्चींत बुडतां येतें तींतून वर येतां येत नाहीं. पतंजलीची स्थिरता येथें उपयोगी पडते. परदेशांतील देहांवरून घेतलेलीं मापें आपल्या देहांस लागू पडत नाहींत, हें जाणत्यांनीं पूर्वींच ओळखलें आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनें १९९७ सालीं देवकुमार चक्रवर्ती यांचें भारतीय शरीरांच्या मापांवरील पुस्तक प्रसिद्ध केलें तें याचसाठीं. पुस्तक झालें, दुकानांत मात्र तें अद्याप पोंचलेलें दिसत नाहीं.

किंमतीवरून सुखाची परीक्षा करावी असें म्हटलें तर तेंही फसवें आहे. चंदीगड शहर वसविलें गेलें तेव्हां १९५० नंतरच्या दशकांत प्येर जानरे यांच्या देखरेखीखालीं तेथील कचेऱ्यांसाठीं सागवान आणि वेत यांच्या साध्या खुर्च्या बनविल्या गेल्या. पुढें त्या मोडकळीस आल्या म्हणून गच्चीवर टाकल्या गेल्या, भंगाराच्या भावानें लिलावांत निघाल्या, आणि नंतर परदेशांतील लिलावांत त्यांनाच लाखांनीं किंमत आली. खुर्ची तीच, वेत तोच, पाठीस मिळणारा विसावाही तोच. बदललें तें केवळ बघणाऱ्याचें कौतुक. कौतुकावर बसतां येत नाहीं.

फोमचा विचार आम्हीं आणखी एका कारणानें सोडला. मुंबईच्या दमट हवेंत रेक्झीन अंगास चिकटतें, आणि फोम बसला कीं दुरुस्त होत नाहीं. तो टाकावाच लागतो. टाकावयाचा म्हणजे कोठें, हें देवनारकरांस सांगावयास नको. जानेवारी २०१६ मध्यें येथील कचऱ्यास आग लागली आणि कित्येक दिवस पूर्व उपनगरांत धूर कोंडला, तेव्हां शहरानें टाकलेलें सुख आमच्या खिडक्यांतून आंत आलें. वेत तुटला तर तो पुन्हां विणतां येतो, त्यांतून वारा खेळतो, आणि लाकूड तीन पिढ्या टिकतें. म्हणून आम्ही जोगेश्वरीस ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत गेलों. या खेपेस मातोश्रींसह. त्यांनीं सात-आठ खुर्च्यांत बसून पाहिलें, आणि आंखूड हातांची एक सागवानी खुर्ची पसंत केली. सुतारानें तिचे पाय अडीच इंच कापले, वेत नव्यानें विणून दिला.

ती खुर्ची आतां खिडकीपाशीं आहे. पहिले पंधरा दिवस घरांत कोणी नसतांनाच मातोश्री तिच्यांत बसत आणि आमची चाहूल लागतांच उठत. हल्लीं उठत नाहींत. आम्हीं काम साधलें असें समजत होतों.

मागील आठवड्यांत आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाई काम आटोपून दमून भिंतीशीं टेकल्या. त्या गोवंडीहून पायीं येतात. त्यांचेही गुडघे दुखतात, आणि उंचीनें त्या मातोश्रींएवढ्याच आहेत. मातोश्री खुर्चींतून उठल्या आणि म्हणाल्या, "बस ग जरा इथं." बाई फरशीवर बसत म्हणाल्या, "मला कशाला खुर्ची, आजी? मी आपली खालींच बरी."

तेंच वाक्य आम्हीं दुसऱ्यांदा ऐकलें. पहिल्या वेळीं आम्हीं त्याला संकोच म्हटलें होतें. या वेळीं तसें म्हणण्याचें धैर्य झालें नाहीं. मातोश्री उभ्याच राहिल्या. खुर्ची त्या दोघींमध्यें रिकामी होती, आणि ती दोघींच्याही मापाची होती. घरासाठीं खुर्ची निवडून झाली, असें आम्ही कोणास सांगत होतों. घरांत माणसें किती, हें मोजावयाचें अद्याप राहिलेंच आहे.