चौथा चरण

बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त धारच्या भोजराजाच्या डोकेदुखीची गोष्ट आहे. स्नान करताना मासोळी कवटीत शिरली आणि राजवैद्यांनी हात टेकले. शेवटी ब्राह्मणवेषात अश्विनीकुमार आले. मोहचूर्णानं राजाला बेशुद्ध करून त्यांनी कवटी उघडली, मासोळी काढली. भूल देण्याच्या इतिहासात ही गोष्ट हटकून सांगतात. मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. राजानं पथ्य विचारलं. वैद्य श्लोकाचे तीन चरण बोलून अंतर्धान पावले. चौथा कालिदासानं पुरा केला: जेवण स्निग्ध आणि ऊन असावं. (कालिदास भोजाच्या कितीतरी शतकं आधीचा, पण गोष्टीला सनावळीचं सोयरसुतक नसतं.) दुखणं गेलं, आता पोटात काय जावं, ही काळजी कवीच्या वाट्याला आली.

आज धार-देवासच्या मराठी घरातले आजोबा मेडिकलवर जाऊन हिंदीतच गुडघ्यासाठी गोळी मागतात. चौथा चरण दुकानदार पुरा करतो, ‘खाली पेट मत लेना.’ सल्ला चांगला, पण अपुरा. जेवणानं फार तर मळमळ कमी होते. जठरातला व्रण (अल्सर) टळेल याची हमी नाही. कारण डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी जठराला नुसती स्पर्शानं दुखवत नाही, रक्तातूनही दुखवते. इंजेक्शन घेतलं तरी धोका उरतोच.

अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सूज आणि वेदना वाढवणारी हीच रसायनं जठराच्या अस्तरावर चिकट थर राखतात, तिथला रक्तपुरवठा सांभाळतात. ती घडवणारी विकरं दोन, कॉक्स-१ आणि कॉक्स-२. देवासला संस्थानिक पवारांची थोरली आणि धाकटी पाती एकाच गावात नांदत, तशीच ही. थोरलं जठराचा रोजचा कारभार पाहतं, धाकटं मुख्यतः दाह झाला की जागं होतं. जुन्या गोळ्या दोन्ही गाद्या खालसा करतात. धाकटीवरच नेम धरणारी रोफेकॉक्सिब आली आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये मागे घेतली गेली.

म्हणून पासष्टी ओलांडलेल्यांना, पूर्वी अल्सर झालेल्यांना, रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांना वेदनाशामक द्यावंच लागलं, तर डॉक्टर जोडीला जठरातलं आम्ल घटवणारं ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल देतात. गोळीही कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस. जळजळ शमवणारं गुलाबी औषध आराम देतं, पण राखण करत नाही. आणि वेदनाशामकानं व्रणाचं दुखणंही दबू शकतं; मग व्रणातून रक्त जाऊन शौचास डांबरासारखी काळी होते, तीच कधी कधी पहिली खूण ठरते.

हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणारे आजोबा गुडघ्याची गोळी मागायला आले, तर दुकानदारानं पट्टी कापण्याआधी आणखी काय चालू आहे ते विचारावं, आणि आजोबांनीही घरच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.