काळाचा धनी कोण?

इंग्रजी बोलणारा मनुष्य वेळ वाचवतो, खर्चतो, गुंतवतो आणि प्रसंगी उधळतोही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ साली एका तरुण व्यापाऱ्यास उपदेश करताना वेळ म्हणजेच पैसा असे बजावले, तेव्हा त्याने या भाषेत मुरलेल्या स्वामित्वभावनेलाच जणू सनद बहाल केली.

यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहतीतील पाळ्या घड्याळाच्या हुकमाने बदलतात, परंतु भोवतालच्या कापूसपट्ट्यात शेतकऱ्याला मृगाचीच वाट पाहावी लागते. शेतसाऱ्याची मुदत सरकार वाढवू शकेल, पेरणीची मुदत वाढवण्याचा अखत्यार मात्र कोणत्याही दफ्तरात नाही.

गीतेच्या अकराव्या अध्यायात भगवंत स्वतःस लोकक्षयकारी काळ म्हणवितात. जे साक्षात ईश्वराचे रूप, ते मनुष्याच्या खजिन्यातील नाणे कसे ठरावे? ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ ही आपली म्हणही मरणाच्या क्षणाचा निवाडा मानवी सत्तेबाहेरच ठेवते.

तथापि, मालकी नाही म्हणून आळसास परवानगी मिळत नाही. आपण काळाची कुळे आहोत. कुळाने वहिवाटीचा हिशेब चोख ठेवावा, मालकीचा दावा सांगू नये.